सलीमभाईंच्या दुकानातली सोंगं

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात ना, तसे आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्से साठलेत. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक उचलायला जावं तर त्याला गुंतून दुसरा येतो, आणि फेकून द्यायला जीव होत नाही. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाच्या भुवया करता करता मी त्यातला एक सांगितला. ती बाई अशी गदगदून हसली की दोरा भलतीकडंच गेला! बिचारीला आठवडाभर पेन्सिलीनं भुवई काढून हिंडावं लागलं. तेव्हाच ठरवलं, हे किस्से हातात दोरा नसतानाच सांगायचे.

तर मी सुरेखा. आष्ट्यात माझं पार्लर आहे, आणि बरोबर खाली सलीमभाईंचं शिलाईचं दुकान. सलीमभाईंचा धाकटा भाऊ दुबईला गेला आणि जाताना त्याचा गेमचा डबा दुकानात ठेवून गेला. मोठा टीव्ही, दोन हातांत धरायचं पॅड, आणि आत एक गेम. गेम कसली, अख्खं राज्यच आहे! डोंगर, जंगलं, गावं, बाजार, राक्षस, जादूगार. कुठंही जा, काहीही करा. चोर व्हा, सरदार व्हा, जादूटोणा करा, नाहीतर नुसते मासे मारत बसा. अडवणारं कुणी नाही.

रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं आणि आम्ही पाच जणांनी बसायचं. सलीमभाई, त्यांची बायको रुखसानाभाभी, मी, आमचे हे सर्जेराव, आणि कडेगावहून मोटारसायकलवर येणारे माझे सुभेदार मामा. पॅड एकाच्या हातात, बाकीचे सल्ले द्यायला!

नियम सलीमभाईंचा. "सोंग घेतलं की निभवायचं." चोर झालात तर चोरासारखं वागायचं, राजा झालात तर राजासारखं. गेममधली माणसं इंग्रजीत बोलतात, भाभी वाचून अर्थ सांगतात, आणि ज्याचं सोंग त्यानं आपल्या मराठीत मोठ्यानं उत्तर द्यायचं. कुणी सोंगाबाहेर गेलं की बाकीचे ओरडणार, "सोंग सुटलं!" की पॅड पुढच्याकडं. दुसरा नियम, मेलं ते मेलं. मागं जाऊन पुन्हा सुरू करायचं नाही.

आणि चेहरा बनवायचं खातं माझ्याकडं! गेम सुरू होण्याआधी आपल्या माणसाचं नाक, डोळे, केस सगळं ठरवता येतं. आमचे हे ओरडत असतात, "आगं, लढाईला जायचंय, लग्नाला न्हाई!" पण गेममध्ये तरी वाकड्या भुवईचा माणूस माझ्या हातून आजवर एकही बाहेर पडलेला नाही.

*

पहिलं सोंग सलीमभाईंचं. त्यांनी चोर व्हायचं ठरवलं.

आता आमच्या सलीमभाईंची ख्याती काय सांगू! ब्लाउजपीसमधून वीतभर कापड उरलं तरी घडी घालून ब्लाउजबरोबर परत देणारा माणूस. बायका कापड मोजून देत नाहीत असं सगळ्या आष्ट्यात एवढं एकच दुकान. आणि हा माणूस चोर होणार!

गेममध्ये रात्र झाली. सलीमभाई वाकून वाकून एका सावकाराच्या घरात शिरले. शिरल्यावर आधी मागं वळून दार लावून घेतलं.

"आवं, दार कशाला लावताय?" भाभी म्हणाल्या. "पळायचं झालं तर?"

"उघडं ठेवलं तर कुत्रं शिरंल की त्यांच्या घरात!"

कपाटात जरीचे अंगरखे होते. हे गृहस्थ एकेक अंगरखा उलटून पालटून बघतात, "काय टाका घातलाय, व्वा!" म्हणतात आणि होता तसा ठेवतात. शेवटी आम्ही सगळे कावलो. तेव्हा कुठं त्यांनी एक चांदीचा दिवा उचलला आणि निघाले.

सकाळी रस्त्यात तोच सावकार भेटला. त्या बिचाऱ्याला काय माहीत! गेममधली माणसं रामराम घालतात तसा त्यानं घातला. "तुमचा दिवस चांगला जावो," भाभींनी वाचून दाखवलं.

झालं! सलीमभाईंचा चेहरा पडला. दिवसभर त्यांनी काही केलं नाही, पडवीत बसून राहिले. रात्र झाल्यावर पुन्हा त्याच घरात शिरले, दिवा जागच्या जागी ठेवला, आणि ठेवता ठेवताच पहारेकऱ्यानं गचांडी धरली!

सलीमभाई टीव्हीपुढं उभे राहून ओरडतायत, "आवं, ठेवायला आलतो! ठेवायला आलतो मी!"

चोरी करताना सुटला आणि परत ठेवताना तुरुंगात गेला, असा चोर अख्ख्या राज्यात एकच. बरं, तुरुंगाचं कुलूप उघडायची तारही खिशात होती. काढली नाही. "चूक केली न्हवं?" म्हणाले, आणि पुरी सजा भोगून बाहेर आले. आम्ही "सोंग सुटलं" ओरडायलासुद्धा विसरलो.

*

सुभेदार मामा पहिल्यांदा आले ते नुसते बघायला. पलटणीत उभी हयात गेलेली. पाठ अजून ताठ, मिशी अजून कडक. नोकरीतलं मात्र फारसं बोलत नाहीत. पलटणीच्या लंगरातल्या डाळीबद्दल तासभर बोलतील, बाकी काही विचारलं की "होतं आपलं," म्हणून विषय संपला.

त्यांच्या हातात पॅड दिल्यावर आमचं ठरलेलंच होतं. मी तर चेहराही बनवून ठेवला होता. रुंद कपाळ, गालावर वार, हातात ढाल-तलवार.

मामांनी चेहरा बघितला. म्हणाले, "ह्यो कोण?"

"तुमीच की मामा! लढवय्या!"

"न्हाई. मला वैदू व्हायचंय."

"वैदू?" आमचे हे म्हणाले. "मामा, वैदूकडं सुरी असती, ती पण मुळ्या कापायची!"

"तेवढी बास," मामा म्हणाले. आणि मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून बोलले. "ह्या वैदूच्या हातनं कुणी मरायचं न्हाई. डोंगरावरच्या देवळापत्तोर जायाचं, आन् हात कोरडं ठेवून जायाचं."

डोंगरावरचं देऊळ म्हणजे गेमचा शेवट. तिथं पोचलं की जिंकलं. पण वाटेत लांडगे, दरोडेखोर, राक्षस, सगळेच अंगावर येतात. भले भले तलवारबहाद्दर तिथवर पोचत नाहीत. त्यात आमचा नियम, मेलं ते मेलं. सलीमभाईंनी समजावून बघितलं. मामा ऐकून घेतात सगळं, आणि करतात स्वतःचंच.

मी मुकाट्यानं वार पुसला, कपाळ लहान केलं आणि केस पांढरे केले. भुवया तेवढ्या जाड ठेवल्या, मामांच्यासारख्या.

*

वैदूचा पहिलाच दिवस. राजधानीच्या वेशीपुढं एक बैलगाडी उभी, मागं दोन माणसं उभी. मामा त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

पाच मिनिटं गेली. मामा उभेच. वेशीवरच्या शिपायाला एक कडक सॅल्यूट ठोकून झाला होता. गाडी काही हलेना.

"मामा, बाजूनं जावा की," मी म्हटलं.

"रांग हाय."

चहा झाला. सलीमभाईंनी एका शर्टाला बटणं लावून घेतली. मामा रांगेत. शेवटी भाभींनाच शंका आली. त्यांनी मोबाईलवर शोधून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मामा, ती गाडी कधीच हलत नाही हो. गेम बनवणाऱ्यांनी ती नुसती शोभेला उभी केलीय."

मामांनी पुढच्या दोन माणसांकडं बघितलं. "आन् ही दोघं?"

"ती पण शोभेलाच."

मग मामांनी वैदूला बाजूनं काढला, आणि जाता जाता त्या दोघांना म्हणाले, "गड्यांनो, तुमीबी चला आता. हितं काय न्हाई मिळायचं."

*

रुखसानाभाभींचं माहेर लोणंद. कांद्याच्या बाजारात वाढलेली बाई! त्यांचं सोंग म्हणजे कुऱ्हाडवाली राक्षशीण. मीच बनवली. उंची एवढी की दारातून वाकून जावं लागायचं.

कुऱ्हाड घ्यायला त्या लोहाराकडं गेल्या. त्यानं भाव सांगितला. भाभी हसल्या, म्हणाल्या, "एवढ्याला तर भट्टीसकट येईल!" आणि पाठ फिरवून चालू लागल्या.

आता बाजारात असं निघालं की दुकानदार हाक मारतो, ही आपली रीत. भाभी हळूहळू चालतायत, कान मागं. लोहार काही बोलेना. भाभी परत आल्या, पुन्हा भाव ऐकला, पुन्हा निघाल्या. लोहार आपला ऐरणीवर ठोकतोय!

"हाक मारत न्हाई की ह्यो!" भाभी चिडून म्हणाल्या.

"भाभी, त्याचा भाव ठरलेला आहे. गेममध्येच तसा घातलाय," मी म्हटलं.

"मग दुकान कशाला टाकलंय? ह्याला धंदाच येत न्हाई!" आणि ती एवढी थोरली राक्षशीण कुऱ्हाड न घेता, जळणातली एक काठी घेऊन लढाईला गेली!

पण गेली ती काय गेली! नदीच्या पुलावर एक अक्राळविक्राळ दैत्य बसलेला असतो, त्याला सलीमभाई, आमचे हे, कुणीच हलवू शकलं नव्हतं. भाभींनी त्याला काठीनं असा झोडपला, असा झोडपला, की तो पुलावरून खाली पाण्यात! तेही मागच्या खोलीत डाळ शिजत असताना. मध्येच तोंडानं दैत्याला सांगतायत, "थांब रं मुडद्या, कुकरची शिट्टी मोजू दे!"

सलीमभाई कौतुकानं बघत होते. मला हळूच म्हणाले, "वैनी, मी उगंच हिच्याशी भांडतो कवाकवा."

*

माझा किस्सा छोटाच आहे. मी मुक्या जोगिणीचं सोंग घेतलं. गेममध्ये कुणाशी बोलायचं नाही, आणि टीव्हीपुढंही तोंड उघडायचं नाही.

पहिल्याच गावात एका बाईनं केस असे काही बांधले होते की माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं बाई, हे कुणी केलं तुझं?"

"सोंग सुटलं!" सगळे ओरडले.

आमच्या ह्यांनी मात्र लगेच ठराव मांडला, की हे सोंग फार चांगलं आहे आणि सुरेखानं ते घरी चालू ठेवावं. अनुमोदन सलीमभाईंचं. दोघांनाही त्या दिवशी चहा मिळाला नाही.

*

आता आमचे हे. सर्जेराव म्हणजे देवमाणूस, पण फार मऊ. शेजारच्या रानवाल्यानं दर वेळी आमच्या पाण्याच्या पाळीत आमचा पाट आपल्या रानात फोडून घ्यायचा, आणि ह्यांनी "असू दे, घ्या," म्हणायचं. आमचा ऊस पिवळा, त्याचा काळाभोर!

गेममध्ये ह्यांनी सोंग घेतलं सरदाराचं. भरजरी झगा, कुणापुढं मान वाकवायची नाही. सुरुवातीला पार गंमत. सरदार वाटेत प्रत्येकाला "माफ करा हं," म्हणत चाललेला! दर दोन मिनिटांनी सोंग सुटायचं. पण हळूहळू आवाज चढू लागला. राजानं बोलावलं तर, "सांगा त्यांना, जेवण झाल्यावर येतो." मी तर बघतच राहिले. एवढा आवाज ह्या माणसात होता कुठं?

एका सोमवारी मी पार्लरमध्ये होते. त्या शेजाऱ्याचा फोन.

"वैनी, दादा बरं हायत न्हवं?"

"का हो? काय झालं?"

"न्हाई, मी पाट फोडत हुतो. दादा आलं, बांधावर उभं ऱ्हायलं, आन् म्हणालं, 'आमच्या मुलखात पुन्हा पाऊल टाकू नका.'"

"मग?"

"मग काय, मी बुजवला की पाट! पर दादांना ताप-बीप आलाय का, म्हणून म्हटलं इचारावं."

त्या वर्षी आमचा ऊस बघायला मी मुद्दाम रानात गेले. मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता, खरं सांगते.

*

एवढ्या काळात मामांचा वैदू चाललाच होता. दर रविवारी थोडा थोडा. आमची सोंगं आली आणि मेली. सरदाराला अस्वलानं खाल्लं, राक्षशीण कड्यावरून पडली, चोर म्हातारपणी ताप येऊन गेला. वैदू जिवंत!

लांडगे आले की मामा खडकावर चढून बसायचे आणि शिदोरीतलं मांस खाली टाकायचे. "भुकेलंय ते. पोट भरलं की जातंय." दरोडेखोर आले की पळायचे, नदीत उडी मारायचे, गवतात पडून राहायचे. वाटेत मुळ्या गोळा करायच्या, औषध करायचं, आजारी दिसेल त्याला पाजायचं. एकदा गवतात इतका वेळ पडून राहिले की आमच्या ह्यांना डुलकी लागली. मामांचा अंगठासुद्धा हलला नाही.

आम्हाला आधी हसू यायचं. मग हसू बंद झालं. भाभी तर आदल्या दिवशीच म्हणायच्या, "या अल्ला, उद्या वैदूला सांभाळ." आणि मी, माझ्या हातून झालेल्या त्या चेहऱ्याला, त्या पांढऱ्या केसांना कुणी हात लावू नये म्हणून मनातल्या मनात आमच्या देवाला सांगत बसायची.

अखेर तो रविवार उजाडला. डोंगर चढून झाला होता. वर देवळाचा कळस दिसत होता. वाट एकच, एका खिंडीतून, आणि खिंडीत एक दरोडेखोर उभा. तरणा. हातात नागवी तलवार.

मामांनी बोलून बघितलं. "वाट सोड बाबा. मी वैदू हाय."

त्यानं तलवारच चालवली. मामा मागं सरले. औषध प्यायले. पुन्हा पुढं. पुन्हा वार. पुन्हा औषध. इतके महिने गोळा केलेल्या मुळ्या बघता बघता संपत चालल्या. शेवटी औषधाची एकच बाटली राहिली, आणि वैदूच्या अंगात जीव उरला तो केसाएवढा. अजून एक वार बसला की संपलं.

"मामा, सुरी काढा!" आमचे हे ओरडले. "एकदाच! कोण इचारतंय!"

"मामा, हाणा त्याला!" मीपण ओरडले.

मामांचा अंगठा सुरीच्या बटणावर गेलासुद्धा नाही.

आणि अचानक मागच्या जंगलातून एक अस्वल आलं. ते थेट त्या दरोडेखोरावर! दोघांची झुंज लागली. मामा खडकाला पाठ लावून उभे. शेवटी अस्वल लंगडत लंगडत निघून गेलं, आणि तो तरणा पोरगा गुडघ्यावर बसला. तलवार हातातच, पण उचलायची ताकद नाही. नुसता धापा टाकत होता.

वाट मोकळी झाली!

"पळा मामा!" आम्ही चौघंही उभे राहिलो. सलीमभाईंच्या मांडीवरची कात्री खाली पडली. "पळा! देऊळ समोर आहे!"

वैदू चालू लागला. देवळाकडं नाही. त्या पोराकडं. त्याच्यापुढं जाऊन थांबला, आणि मामांनी ती शेवटची बाटली त्याला पाजली.

तो पोरगा उठून उभा राहिला. तलवार अजून हातात. वैदू समोर, हातभर अंतरावर. मामा हलले नाहीत. टीव्हीच्या अगदी जवळ वाकून, एखाद्या घरच्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "घरला जा. उजेड हाय तवर पोच."

तो तसाच उभा राहिला. मग त्यानं तलवार म्यान केली, वळला, आणि डोंगर उतरायला लागला.

आम्ही काय आरडाओरडा केला! भाभी रडतायत, सलीमभाई मामांच्या पाठीवर थाप मारतायत, आमच्या ह्यांनी तर शीळच घातली. आता फक्त मोजक्या पायऱ्या आणि देऊळ. ज्याच्यासाठी मामा इतके रविवार कडेगावहून येत होते, ते समोर!

पण वैदू जागचा हलेना. मामांनी त्याचं तोंड उताराकडं फिरवून ठेवलं होतं. तो पोरगा वळणावळणानं खाली चालला होता, लहान लहान होत.

"मामा," मी म्हटलं, "चला की देवळात! जिंकला तुम्ही!"

मामांनी पॅड भाभींच्या मांडीवर ठेवलं. नजर टीव्हीवरच.

"तुमी या जाऊन," म्हणाले. "मी हितं थांबतो. त्यो खाली पोचस्तोवर."